दारू सोडण्यासाठी ग्रुप शोधताय? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

दादासाठी पहिली मीटिंग शोधताना मी एकच गोष्ट बघितली, ती घरापासून लांब हवी. आम्ही कळव्याचे. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून वाशीचा एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा ग्रुप धरला. तिथे दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात. दादा रबाळ्याला कामाला. तिथून वाशी, मीटिंग, मग गाडी बदलायला ठाणे. दोन आठवडे नीट गेला. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला आला तेव्हा दार उघडताच वास आला. गाडी बदलायला उतरला होता, पण पाय सवयीने पश्चिमेला वळले आणि तिथेच त्याचा जुना बार.

म्हणून ग्रुप शोधताना आधी घड्याळ आणि रस्ता बघा. माणसाची प्यायची वेळ कोणती? बहुतेकांची संध्याकाळची, कामावरून सुटल्यानंतरची. मीटिंगने नेमकी तीच वेळ अडवायला हवी. मग येण्याजाण्याचा रस्ता स्वतः एकदा चालून बघा आणि वाटेत बार, वाइन शॉप, जुन्या दोस्तांचा नाका कुठे लागतो ते लक्षात ठेवा. आम्हाला पुढे ठाणे पूर्वेला, कोपरीच्या बाजूला ग्रुप मिळाला. तिथे जायला पश्चिमेचा जिना चढावाच लागत नाही. आणि ओळखीच्यांची भीती? त्या खोलीत जो कुणी बसलेला असतो, तो त्याच कारणाने आलेला असतो. तिथलं बोलणं तिथेच ठेवतात.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. रोज पिणाऱ्याची दारू एका झटक्यात बंद करून त्याला थेट मीटिंगला नेऊन बसवू नका. ग्रुप म्हणजे दवाखाना नव्हे. पहिल्या दिवशी दादाच्या हातातला कप बशीवर टकटक वाजत होता, चहा निम्मा सांडला. मला ते अशक्तपणाचं लक्षण वाटलं. खरं तर वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-चार दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. अशा वेळी तडक हॉस्पिटल गाठायचं. तशी वेळ येण्याआधीच डॉक्टरांना दाखवा, फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ. ठाण्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. औषधोपचार आणि ग्रुप दोन्ही बरोबर चालू शकतात.

लोकलच्या डब्यात चिकटवलेले ‘न सांगता दारू सोडवा’चे कागद तुम्हीही वाचले असतील. आईने असा नंबर टिपून घेतला होता, वरणातून पावडर घालायला. कृपा करून हे करू नका. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच माहीत नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि त्यावर माणूस प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, अगदी मृत्यूसुद्धा होऊ शकतो. डॉक्टर हे औषध देतात ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. शिवाय ज्याला जेवणातून फसवलं, तो घरच्यांच्या सांगण्यावरून मीटिंगला कशाला जाईल?

काही ग्रुप चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात. आमच्या काकांनी तेवढ्यावरून ‘धर्मांतर करतात’ असं ठरवून टाकलं. एए १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, १९५७ मध्ये भारतात आलं आणि कुठल्याही धर्माशी बांधलेलं नाही. ईश्वराचा उल्लेख येतो, पण ज्याला जसा समजेल तसा. फी नाही, शेवटी पिशवी फिरते तीही ऐच्छिक. ‘ॲडमिशन’चे पैसे मागणारी जागा दुसरं काहीतरी आहे, तिथे नीट चौकशी करूनच पाऊल टाका.

घरच्यांची आणखी एक सवय मोडायला हवी, ती म्हणजे त्याच्या वतीने सगळं आपणच करणं. चौकशीचा फोन मी केला, पत्ता मी लिहून घेतला, दारापर्यंत मीच सोडलं. बंद मीटिंगला फक्त दारूची अडचण असलेल्यांनाच बसता येतं. खुल्या मीटिंगला नातेवाईक चालतात, तेव्हा आधी विचारून घ्या. पुढचे फोन दादाने स्वतः केले आणि मी घरच्यांसाठीच्या अल-ॲनॉनला जाऊ लागले. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात तर पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. घरच्यांनाही कुणीतरी लागतंच.

पहिल्या ग्रुपमध्ये जीव रमला नाही म्हणून ‘एए आपल्यासाठी नाही’ असं म्हणू नका. कुठे हिंदी जास्त, कुठे इंग्रजी, कुठे मराठी. दादाला मराठीतच मोकळं बोलता येतं. चार-पाच ठिकाणी बसून बघा. बाईमाणसाला पुरुषांनी भरलेल्या खोलीत अवघडल्यासारखं होत असेल, तर फक्त महिलांची किंवा ऑनलाइन मीटिंग आहे का ते विचारा.

आणि स्लिप झाली, म्हणजे सोडल्यावर पुन्हा प्यायला, की लाजेने मीटिंग बुडवणं, ही चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली. त्या रात्रीनंतर दादा तीन आठवडे गेला नाही, मीही विषय काढला नाही. शेवटी गेला तेव्हा मागच्या रांगेत बसला. शेजारच्या एका वयस्कर माणसाने चहाचा कप पुढे केला, इतके दिवस कुठे होता हे विचारलं नाही. निघताना तीन फोन नंबर कागदावर लिहून दिले. तो कागद दादाच्या पाकिटात आहे, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी रात्री नऊला संपते.