कॉम्प्युटरमधलं गाणं डॅकपर्यंत जसंच्या तसं कसं पोचवावं

सीडीवरच्या गाण्यात दर सेकंदाला प्रत्येक चॅनलचे 44,100 आकडे असतात, एकेक 16 बिटचा. फ्लॅक (काहीही न गमावता लहान केलेली) फाइल उलगडली की नेमके तेच आकडे परत मिळतात. बाहेर जोडलेल्या डॅकला, म्हणजे आकड्यांपासून आवाजाचा सिग्नल बनवणाऱ्या डब्याला, ते तसेच मिळावेत, एवढंच आपल्याला हवंय.

अडचण विंडोजच्या मिक्सरची. गाणं, ब्राउझरमधला व्हिडिओ, मेल आल्याची घंटी हे सगळं त्याला एकत्र वाजवायचं असतं, म्हणून तो सगळ्यांना एकाच सॅम्पल रेटवर (दर सेकंदाला किती आकडे किंवा नमुने, त्यावर) आणतो. हा रेट बऱ्याचदा 48 किलोहर्ट्झ असतो. मग सीडीच्या दर 147 नमुन्यांच्या जागी 160 नवे मोजून काढावे लागतात. दरवेळी फरक कानाला जाणवेलच असं नाही, पण वाट मोकळी असली की आवाज खटकल्यावर शंका घ्यायची एक जागा तरी कमी होते.

डॅक यूएसबीने जोडा. ब्लूटूथ इथे चालणार नाही, त्यात सहसा आवाजातले काही तपशील गाळून तो लहान करून पाठवला जातो. कंपनीचा ड्रायव्हर असेल तर आधी तो टाका.

आता विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'mmsys.cpl' टाइप करून एंटर दाबा. यादीतल्या डॅकवर दोनदा क्लिक करा, 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जा आणि प्रोग्रॅमला एक्सक्लुझिव्ह, म्हणजे मिक्सरला वगळून एकट्याचा, ताबा देणाऱ्या चौकोनात खूण आहे ना, ते बघा. एन्हान्समेंट्स (आवाजात फेरफार करणाऱ्या सोयी) दिसल्या तर बंद करा.

प्लेअर म्हणून मी फूबार2000 सुचवेन. त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये 'आउटपुट'खाली डॅकचं नाव दोनदा दिसतं. पुढे 'एक्सक्लुझिव्ह' लिहिलेलं निवडा. रिप्लेगेन (गाण्यांचा आवाज आपोआप सारखा करणारी सोय) बंद, डीएसपीची (आवाजावरच्या इफेक्ट्सची) यादी रिकामी.

प्लेअरमधला व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. लोक चुकतात ते इथेच. तिथे आवाज कमी केला की प्रत्येक आकड्याला गुणाकार बसतो, आणि 16 बिटच्या वाटेवर दर 6 डेसिबलला साधारण एक बिट हातचा जातो. आवाज ॲम्प्लिफायरवर कमी-जास्त करा. पहिल्यांदा वाजवण्याआधी त्याची कळ अगदी खाली आणून ठेवा, स्पीकर वाचतील.

मग तपासा. 44.1 किलोहर्ट्झची एक आणि 96 ची एक फाइल लावा. डॅकच्या पडद्यावर किंवा दिव्यांवर रेट बदलला पाहिजे. दोन्ही वेळा 48 च दिसत असेल तर मिक्सर अजून मधेच बसलाय. गाणं चालू असताना ब्राउझरमधला व्हिडिओ त्याच डॅकवर वाजत नसेल तर ताबा मिळालाय.

रेट बरोबर दिसला तरी आकडे बदललेले असू शकतात, कारण व्हॉल्यूमचा गुणाकार पडद्यावर दिसत नाही. डॅकऐवजी एव्ही (होम थिएटरचा) रिसीव्हर असेल तर डीटीएस सीडीची, म्हणजे सराउंड आवाज डीटीएस या सांकेतिक रूपात भरलेल्या सीडीची, वेव्ह फाइल वाजवून बघा. आकडे शाबूत असतील तर रिसीव्हरवर 'डीटीएस' उमटतं आणि संगीत ऐकू येतं. बिघडले असतील तर नुसती मोठी खरखर येते.