अमेरिकेतल्या मुलांसाठी ठाण्याच्या घरी ठेवायची फाइल

नौपाड्यातल्या आमच्या घरी कपाटाच्या लॉकरमध्ये दागिन्यांच्या डब्याशेजारी आता एक निळी फाइल असते. दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या मुलाची नोकरी अचानक गेली आणि रात्री अडीच वाजता त्याचा फोन आला, तेव्हा त्याची तिथे राहण्याची मुदत कधी संपते, नातीचा पासपोर्ट काढला आहे का, वकील कोण, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ज्यांची मुले तिकडे नोकरीच्या एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांनी ही तयारी सगळे सुरळीत असतानाच करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख पाहून निश्चिंत होऊ नये. राहण्याची मुदत आय-९४ या, अमेरिकेत प्रवेश करताना होणाऱ्या सरकारी नोंदीवर ठरते. एच-१बीवरची नोकरी सुटल्यावर ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, पण आय-९४ त्याआधी संपत असेल तर सवलतही तेव्हाच संपते. म्हणून ती तारीख फाइलीच्या पहिल्याच पानावर असावी.

त्याच पानावर मुलाचे आणि सुनेचे नाव लिहावे, आणि इथे जरा वेळ द्यावा. अमेरिकेच्या स्थलांतर यंत्रणेने, म्हणजे आयसीईने, ताब्यात घेतलेली प्रौढ व्यक्ती ऑनलाइन शोधता येते. त्यासाठी ए-नंबर (स्थलांतर खात्याने परदेशी व्यक्तीला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश, किंवा नाव आणि जन्मदेश द्यावा लागतो, आणि नाव तंतोतंत जुळावे लागते. आपल्याकडे घोळ होतो तो नेमका इथेच. कुठे वडिलांचे नाव पहिल्या नावाला चिकटलेले, कुठे गाळलेले, तर सुनेच्या काही कागदांवर माहेरचे आडनाव. आमच्या सुनेच्या जन्मदाखल्यावर आडनावात एक ‘एच’ जास्त आहे; तो मी लाल पेनाने गोल करून शेजारी पासपोर्टवरचे स्पेलिंग लिहून ठेवले आहे. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर ग्रीन कार्डच्या अर्जाला संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या नोंदीत बाळाचे नावच नसेल, तर ते महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जाऊन चढवून घेण्याचे काम आपल्यालाच करायचे असते.

तिथे जन्मलेल्या नातवंडांचा अमेरिकी पासपोर्ट आधीच काढायला लावावा, कारण सोळा वर्षांखालील मुलाच्या अर्जाला साधारणपणे आईवडील दोघांची संमती लागते आणि एक जण ताब्यात असेल तर ती मिळवणे फार जड जाते. भारतात आणायचे तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) किंवा व्हिसाही हवा. शाळेतून मुलाला कोण नेऊ शकेल, ते नाव शाळेत लेखी दिलेले असावे. आजी-आजोबांनी स्वतःचा पासपोर्टही चालू ठेवावा. ऐनवेळी जावे लागेल ते आपल्यालाच.

अटकेची वेळ आलीच, तर भारतीय वकिलातीला कळवा, असे मुलाने स्वतः स्पष्ट शब्दांत सांगायचे असते. १९६३च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या कलमाने हा हक्क दिला आहे. मात्र अमेरिकेने आपणहून कळवलेच पाहिजे अशा देशांत भारत नाही. स्थलांतर न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळेल असे धरून चालू नये, त्यामुळे वकिलाचा नंबर आधीच ठरलेला हवा आणि मुलाला तो तोंडपाठ हवा, कारण मोबाइल काढून घेतला जातो. वकिलाशी बोलल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करायची नाही, हे त्याला आजच बजावून सांगावे.

इथल्या फ्लॅटचे किंवा बँकेचे व्यवहार त्याच्या नावावर असतील, तर मुखत्यारपत्र तिथे नोटरी आणि अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) करून मागवावे आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. आमच्याकडून हे राहून गेले होते, आणि त्यापायी बरेच हेलपाटे पडले.

शेवटच्या पानावर वेळा लिहाव्यात. न्यू जर्सीतल्या वकिलाचे कार्यालय सकाळी नऊला उघडते तेव्हा ठाण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि थंडीत साडेसात वाजलेले असतात. आमच्याकडे रात्री फोन उशाशी ठेवण्याची पाळी एक आठवडा माझी आणि एक आठवडा ह्यांची असते, आणि फाइलीची एक प्रत वाशीला धाकट्या जावेकडे आहे.