कागदावर शिवलेली वीतभर गोधडी: तुकडा उलटतो तेव्हा काय होतं

सरळ शिलाई मारता येत असेल आणि पाव इंच माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) डोळ्याने ओळखू येत असेल, तर फाउंडेशन पीसिंगला, म्हणजे नमुना छापलेल्या कागदावर कापडाचे तुकडे शिवत जायला, तेवढं पुरतं. छापलेल्या रेषेवर मशीन चालवायचं आणि कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवायचं. रेषा कागदावर असल्याने अर्ध्या इंचाचा तुकडाही नेमका बसतो. छोट्या गोधड्यांना ही पद्धत म्हणूनच सोयीची.

पहिला ब्लॉक लॉग केबिनचाच घ्या. मधला चौकोन अर्धा इंच, भोवती पाव इंची पट्ट्यांचे तीन फेरे, म्हणजे शिवून तयार २ इंच. एका ब्लॉकला १३ तुकडे लागतात. ४ × ४ मांडणीत १६ ब्लॉक, २०८ तुकडे आणि काठाशिवाय ८ इंचांची गोधडी. मधला चौकोन १ इंचाचा कापा. पट्ट्यांचा हिशोब पाऊण इंचाचा होतो, पण सुरुवातीला सरसकट १ इंच रुंद कापा. तुकड्यात कंजुषी केली की उसवण्यात वेळ जातो, आणि उसवताना कागदही फाटतो.

मशीनला १४ नंबरची सुई लावा आणि टाका १.५ मिमीवर आणा. जुन्या काळ्या मशीनवर मिलिमीटर लिहिलेले नसतात. तिथे साध्या कागदावर इंचभर शिवा आणि भोकं मोजा. १७च्या आसपास आली की झालं. टाका मोठा राहिला तर कागद काढताना शिवण सैल होते, फार बारीक केला तर कागद आधीच फाटतो. कागदाने सुई लवकर बोथट होते, तेव्हा ही सुई वेगळी ठेवा.

कापडासाठी ठाणे स्टेशनजवळचा जांभळी नाका किंवा वाशीतलं कुठलंही मॅचिंग सेंटर चालेल. ब्लाउजचं सुती टू बाय टू किंवा पॉपलिन मागा, पण दुकानदाराच्या ‘प्युअर कॉटन’वर विसंबू नका. एक धागा काढून जाळून बघा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख होते. टोकाला कडक मणी आला तर भेसळ आहे. लाल आणि गडद निळं कापड आधी धुऊन घ्याच.

आता तुकडा उलटण्यातला सापळा. मी सर्वांत जास्त उसवलंय ते इथेच, म्हणून सावकाश सांगते.

लॉग केबिनमध्ये सगळ्या शिवणी ब्लॉकच्या काठाला समांतर असतात, त्यामुळे हा त्रास दिसत नाही. चांदणीचा पहिला टोकदार तुकडा लावला की दिसतो. नवा तुकडा आपण आधीच्या तुकड्यावर सुलट बाजू आत ठेवून शिवतो आणि मग उलटवतो. शिवताना तो असतो एका जागी, राहायला जातो दुसऱ्या जागी. उलटताना तो शिवणीभोवती आरशासारखा फिरतो. तुकड्याची कड शिवणीशी ३० अंशांत असेल तर उलटल्यावर ती कड ६० अंशांनी वळते. ४५ असेल तर थेट काटकोनात. म्हणून ब्लॉकच्या काठाला समांतर नीट ठेवलेली पट्टी शिवून उलटली की आडवी पडते आणि कोपरा उघडा राहतो. कापड भरपूर असतं, फक्त चुकीच्या दिशेला असतं.

यावर ‘मोठा तुकडा घ्या, पुरेल’ असा सल्ला व्हिडिओंत सर्रास मिळतो. तो मला पटत नाही. मोठा तुकडाही चुकीच्या दिशेला वळतो, आणि छोट्या कामात फाजील कापड सुईखाली येऊन दुमडतं.

त्याऐवजी नमुन्याची एक जादा प्रत कापून प्रत्येक भागाचा साचा करा. कापडाची उलट बाजू वर ठेवा, त्यावर साचा छापील बाजू वर करून ठेवा आणि चहूबाजूंनी तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त सोडून कापा. वेळ वाचवायला कापड दुहेरी घडी करून कापू नका. तिरक्या आकारांत निम्मे तुकडे आरशातले निघतात आणि वाया जातात.

पुढच्या रेषेवर पोस्टकार्डाची कड ठेवून कागद तिच्यावर दुमडा, आधीच्या कापडाची माया पाव इंच ठेवून छाटा आणि नव्या तुकड्याची कड तिच्याशी जुळवा. टाचणी नेमकी शिवणरेषेवर लावा. मग शिवण्याआधीच तुकडा उलटवा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. त्या भागाच्या सगळ्या रेषा कापडाखाली दिसल्या पाहिजेत, बाहेर निदान दोन सूत उरलं पाहिजे. दिसत नसेल तर टाचणी काढून फिरवा, पाच सेकंदांचं काम आहे. बरोबर दिसलं की रेषेच्या दोन टाके आधी सुरू करा, दोन टाके पुढे थांबा. शिवून पुन्हा उलटवून बघा आणि मगच माया एक सुतावर आणा. पाव इंची पट्टीखाली पाव इंच माया ठेवली तर जाड गाठ होते, फिक्या कापडातून गडद रंगही दिसतो. ब्लॉकच्या बाहेरच्या कडेची माया मात्र पूर्ण पाव इंच.

पहिल्या तीन-चार ब्लॉकांत हे डोक्यात उलटसुलट होणारच. घाबरू नका, हाताला सवय लागते.

क्लासमधल्या काकूंकडून मशीन जरूर शिका, त्यांच्याइतकी सरळ शिलाई कुणी शिकवत नाही. पण ब्लाउजमध्ये कापड थोडं ओढून बसवण्याची सवय इथे चालत नाही. ओढलेला तुकडा कागद निघाला की आकसतो. बाहेरच्या कडेला उभा किंवा आडवा धागाच येऊ द्या. उरेब (तिरका धागा) आला तर कड लाटेसारखी होते.

झेरॉक्सवाल्याला ‘फिट टू पेज’ नको, १०० टक्के हवं, असं स्पष्ट सांगा आणि नमुन्यावरचा इंचाचा चौकोन तिथेच मोजा. सगळ्या प्रती एकाच वेळी, एकाच मशीनवर काढा. पावसाळ्यात खाडीकाठच्या दमट हवेत कागद मऊ पडतो आणि किंचित वाढतोही, तेव्हा प्रती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. इस्त्री कोरडीच करा. वाफेने कागद वळतो, इंकजेटची शाईही कापडाला लागते.

ब्लॉक जोडताना कागद ठेवूनच जोडा, कोपऱ्यांतून टाचणी सरळ आरपार घालून. जोडल्यावर फक्त मायेतला कागद काढा आणि शिवण उघडी दाबा. बाकीचा कागद चारही बाजू जोडल्यावर, काठही लागल्यावर काढायचा. टाक्यांच्या रेषेवर घडी घाला, अंगठ्याने शिवण दाबून धरा आणि कागद शिवणीकडे नव्हे, तिच्यापासून दूर फाडा. टोकातले कण चिमट्याने निघतात. आत जाड भरण नको, फलालीनचा एक थर पुरे. गोटाला १ इंची सरळ पट्टी, एकेरी.