होस्ट्स फाइलसाठी टर्मिनल टूल बनवताय? मग या चुका टाळा

लोकल डेव्हलपमेंट करणाऱ्याला /ईटीसी/होस्ट्स, म्हणजे कुठलं नाव कुठल्या आयपी पत्त्यावर जायचं हे लिहिलेली फाइल, दर दोन दिवसांनी उघडावीच लागते, एखादं नाव १२७.०.०.१ वर (म्हणजे आपल्याच मशीनवर) वळवायचं, काम झालं की ती ओळ काढायची, आणि दरवेळी सुडो लावून (म्हणजे रूटचे, अ‍ॅडमिनचे अधिकार घेऊन) नॅनो एडिटर उघडायचा कंटाळा आला की कधीतरी वाटतंच की यासाठी एक छोटं टीयूआय, म्हणजे टर्मिनलमध्येच चालणारी स्क्रीन, बनवूया, लिस्ट दिसेल, स्पेस दाबली की एंट्री चालू-बंद होईल. मीही बनवलं. स्क्रीन दोन संध्याकाळींत तयार झाली, त्रास दिला तो सगळा फाइल लिहिण्याने.

पहिल्या व्हर्जनमध्ये मी फाइल वाचून एंट्रींची यादी करायचो आणि सेव्ह करताना त्या यादीतून अख्खी फाइल नव्याने लिहायचो. असं अजिबात करू नका. सहकाऱ्याने "हा सर्व्हर अजून मायग्रेट झालेला नाही" असं ओळीच्या शेवटी लिहून ठेवलं होतं ते उडालं, आणि एका आयपीपुढे तीन नावं होती त्यातलं एक डिलीट केलं तर पूर्ण ओळच गेली. ही फाइल तुमच्या टूलची नाही हो, तिथे व्हीपीएन क्लायंट लिहितो, डॉकर डेस्कटॉप लिहितो, माणसं हाताने लिहितात. प्रत्येक ओळ जशी आहे तशी मेमरीत ठेवा, टॅब-स्पेससकट, आणि जी बदलली तेवढीच नव्याने लिहा. सेव्ह करायच्या आधी फाइल परत वाचून बघा, कारण टूल अर्धा तास उघडं राहिलं तर मधल्या वेळात दुसऱ्या कुणीतरी तिच्यात बदल केलेला असू शकतो.

हॅशने सुरू होणारी ओळ बंद केलेली एंट्री आहे की नुसती कमेंट, हे रेजेक्सने (मजकुराचा पॅटर्न लावून) ठरवायला जाऊ नका. हॅशनंतरचा पहिला शब्द भाषेच्या आयपी पार्सरला द्या, पास झाला तर एंट्री. यात ::१ सारखे आयपीव्ही६ पत्तेही आपोआप येतात.

आता लिहिण्याबद्दल. थेट मूळ फाइल उघडून लिहिलं आणि मध्येच प्रोसेस मेली तर अर्धी फाइल उरते, म्हणून टेम्प फाइलमध्ये लिहून रीनेम करायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण टेम्प फाइल /टीएमपी मध्ये बनवली तर तो बऱ्याचदा वेगळा फाइलसिस्टिम असतो आणि रीनेम फेल होतं. ती /ईटीसी मध्येच बनवा. दुसरं म्हणजे टेम्प फाइलची परमिशन बहुधा ६०० असते (फक्त मालकाला वाचता येते), मूळ फाइलची ६४४ (सगळ्यांना वाचता येते). ते तसंच राहिलं तर सुडो लावून गेटएंट (नावाचा पत्ता शोधून दाखवणारी कमांड) चालवल्यावर पत्ता येतो आणि साध्या यूजरला येत नाही, आणि माणूस तासभर नेटवर्कमध्ये चूक शोधत बसतो. परमिशन आणि ओनर आधीच्या फाइलवरून कॉपी करा. फेडोरासारख्या सिस्टिमवर एसई-लिनक्स या सुरक्षा यंत्रणेचं फाइलवरचं लेबलही बदलू शकतं, तिथे ते पूर्ववत करणारी रिस्टोअरकॉन कमांड चालवा. डॉकर कंटेनरच्या आत होस्ट्स फाइल बाहेरून माउंट केलेली असते, त्यामुळे रीनेमला "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी" असा एरर येतो, तिथे बॅकअप घेऊन जागेवरच लिहिण्याशिवाय पर्याय नाही.

आणि अख्खं टूल रूटने चालवायला लावू नका, बघायला रूट लागत नाही, फक्त सेव्हच्या वेळी परवानगी मागा.

टूल क्रॅश झाल्यावर टर्मिनल बिघडलेलं राहतं, टाइप केलेलं दिसत नाही? म्हणजे रॉ मोड (दाबलेली प्रत्येक की थेट टूलला देणारा टर्मिनलचा मोड) परत बंद झाला नाही. तात्पुरतं न दिसताच रीसेट टाइप करून एंटर मारा, पण कायमचा उपाय, क्रॅश झालं तरी टर्मिनल पूर्ववत करणारा, कोडमध्येच हवा: पायथॉनच्या कर्सेसमध्ये रॅपर वापरा, रस्टच्या रॅटाटुईमध्ये पॅनिक हुक लावा.

कमेंट मराठीत असेल तर कॉलम वाकडे होतात, हे आपल्याला लगेच जाणवतं. "मुंबई" या शब्दात ५ कोडपॉइंट (युनिकोडची चिन्हं) आणि १५ बाइट आहेत, पण बऱ्याच टर्मिनलमध्ये तो ३ घरंच घेतो. स्ट्रिंगची लेंग्थ मोजू नका, डब्ल्यूसीविड्थ सारखी, टर्मिनलमधली रुंदी मोजणारी लायब्ररी वापरा, तरी जोडाक्षरं टर्मिनलप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात म्हणून कमेंटचा कॉलम सगळ्यात शेवटी ठेवलेला बरा.

एंट्री टाकली तरी नाव चालत नाही, ही तक्रार तुमच्या टूलबद्दल येणारच. आधी विचारा की तपासलं कशाने. डिग आणि एनएसलुकअप थेट डीएनएसला विचारतात, होस्ट्स फाइल बघतच नाहीत, म्हणून लिनक्सवर गेटएंट होस्ट्स वापरायचं. मग एनएसस्विच कॉन्फमध्ये (नाव आधी कुठे शोधायचं हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये) होस्ट्सच्या ओळीत फाइल्स हे डीएनएसच्या आधी आहे का ते बघा. नावात स्टार किंवा पत्त्यात पोर्ट टाकलेला असेल तर टूलनेच तिथल्या तिथे नाही म्हणावं, होस्ट्स फाइलला दोन्ही कळत नाही. आणि रीबूटनंतर एंट्री गायब होत असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमधलं लिनक्स) किंवा क्लाउड-इनिट (क्लाउड सर्व्हर सुरू होताना सेटिंग लावणारं टूल) ही फाइल स्वतः नव्याने बनवतंय का ते तपासा, डब्ल्यूएसएलमध्ये त्यासाठी डब्ल्यूएसएल कॉन्फमधलं जनरेट-होस्ट्स फॉल्स करावं लागतं.