जनावराचं औषध: मात्रा, वेळ आणि थांबण्याचे दिवस

गाईला कासदाह झाला, सडात औषधाची नळी सोडली, दोन दिवसांत सूज उतरली. बहुतेक गोठ्यांत काम इथेच संपलं असं धरतात. पण औषध अजून दुधात उतरत असतं, आणि ते दूध घरातल्या लहान मुलापर्यंत जाणार असतं. जनावर बरं होणं आणि त्याचं दूध खाण्याजोगं होणं या दोन वेगळ्या वेळा आहेत. उपचाराची आखणी करताना दोन्ही डोळ्यांपुढे हव्यात.

आधी नळीबद्दल. बाधित सड पूर्ण पिळून रिकामा करा; दूध शिल्लक राहिलं तर औषध त्यातच विरतं. हातमोजे घाला आणि सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसा. एकाहून जास्त सडांत औषध सोडायचं असेल तर पुसताना आधी लांबचे सड, मग जवळचे. औषध सोडताना उलट, आधी जवळचे. असं केलं की पुसलेल्या सडाला बाही घासत नाही. नळीचं तोंड तीन-चार मिलिमीटरच आत जाऊ द्या. पूर्ण आत खुपसलं तर सडाच्या छिद्रातलं संरक्षक अस्तर खरवडलं जातं आणि बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. मग सड खालून वर चोळा आणि आयोडीनच्या द्रावणात बुडवा.

थांबण्याचा काळ, म्हणजे औषधानंतर दूध किंवा मांस वापरायचं नाही तो काळ, लेबलवर तासांत किंवा दिवसांत लिहिलेला असतो, दुधासाठी वेगळा आणि मांसासाठी वेगळा. तो शेवटच्या मात्रेपासून मोजायचा, पहिल्या नव्हे. सर्वात जास्त गफलत इथेच होते. समजा लेबलवर दुधासाठी 72 तास आहेत आणि शेवटची नळी सोमवारी संध्याकाळी 6 वाजता सोडली. मग गुरुवार सकाळची धारसुद्धा टाकायची. त्या दिवशी संध्याकाळी 6 नंतर काढलेलं दूध चालेल. एकाच सडावर उपचार केला तरी चारही सडांचं दूध वेगळं ठेवा, कारण औषध रक्तावाटे बाकीच्या सडांतही उतरतं. पशुवैद्यकाने लेबलपेक्षा जास्त मात्रा दिली असेल तर लेबलवरचे तास लागू राहत नाहीत. नवा काळ त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

दूध उकळलं की औषध जातं, हा समज चुकीचा आहे. उकळल्याने जंतू मरतात, बरीचशी प्रतिजैविकं मात्र टिकून राहतात. अशा दुधाचं दही नीट लागत नाही, कारण औषध विरजणातल्या जिवाणूंनाही मारतं. म्हणून दही लागलं म्हणजे दूध निर्धोक, असं मात्र नाही. थोड्या अंशाने विरजण बिघडेलच असं नसतं. टाकायचं दूध वासरालाही पाजू नका. कमी प्रमाणातलं प्रतिजैविक त्याच्या आतड्यातल्या जंतूंना औषध पचवायला शिकवतं. उपचारातल्या गाईच्या पायाला रंगीत पट्टी बांधा आणि तिची धार सर्वांत शेवटी, वेगळ्या भांड्यात काढा.

जंतनाशकात घोळ होतो तो वजनाचा. नजरेने अंदाज केला की तो बहुधा कमी निघतो, मात्रा कमी पडते, चिवट जंत जगतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते. टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, म्हणजे अंदाजे किलो. घेर 70 आणि लांबी 60 असेल तर गाय साधारण 445 किलोची. औषध दिल्यावर 10 ते 14 दिवसांनी शेण पुन्हा तपासून घ्या. शेणातल्या जंतांच्या अंड्यांची संख्या 95 टक्क्यांहून कमी घटली असेल, तर ते औषध तुमच्या कळपात निकामी होत चाललंय. गाभण जनावराला अल्बेंडाझोल हे जंतनाशक पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नका. सुरुवातीच्या दिवसांत ते गर्भाला घातक ठरू शकतं.

जाता जाता: आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक आधी जनावरांसाठीच बाजारात आलं, 1981 मध्ये. 1987 पासून ते माणसाला आंधळं करणाऱ्या ऑन्कोसर्कायसिस या जंतरोगावर मोफत दिलं जातं, आणि त्यामागच्या शोधासाठी ओमुरा व कॅम्पबेल या शास्त्रज्ञांना 2015 चं नोबेल मिळालं.

लशी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात किंवा बर्फाला टेकून नको. लाळ्या-खुरकूतसारखी मृत जंतूंची लस गोठली की निरुपयोगी होते, वितळवून उपयोग नाही. जिवंत लशीसाठी सिरिंज स्पिरिटने धुऊ नका, लसच मरते. गर्भ गाळणाऱ्या ब्रुसेलोसिस या रोगाची एस-19 लस 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींनाच, आयुष्यात एकदा देतात. ही जिवंत लस आहे. टोचताना सुई स्वतःला लागली तर ताबडतोब डॉक्टरकडे जा आणि लशीचं नाव सांगा. गर्भ गळाला तर गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका; माणसाला महिनोन्महिने चढउतार करणारा ताप आणि सांधेदुखी याच वाटेने येते.

कुत्र्याला रेबीजची पहिली लस 12 आठवड्यांनंतर, दुसरी वर्षाने. माणसांमधल्या रेबीजच्या 99 टक्के मृत्यूंमागे कुत्रा असतो, आणि वस्तीतल्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. म्हणजे फक्त पाळीव कुत्री मोजून भागत नाही, मोकाटही धरायची. चावा झालाच तर जखम साबण-पाण्याने सलग 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा.

हे सगळं एका वहीवर चालतं. जनावराचा बिल्ला क्रमांक, औषध, बॅच, मात्रा, शेवटच्या मात्रेची तारीख आणि तास, दूध पुन्हा सुरू करण्याची वेळ, एवढे रकाने पुरेत. वही धार काढणाऱ्याच्या नजरेला पडेल अशी गोठ्यातच टांगा. दुधाचा निर्णय रोज पहाटे तोच घेतो, आणि त्या वेळी मालक बहुधा झोपलेला असतो.