निळी फुलपाखरं शेवटी आली

मंगळवार पेठेतल्या आमच्या परसात 'ब्लू बटरफ्लाय'चं झुडूप दोन वर्षं नुसतंच हिरवंगार. फूल एक नाही. झाड मूळचं आफ्रिकेतलं, शास्त्रीय नाव रोथेका मायरिकॉइडिस, कूळ पुदिना-तुळशीचं. पान चुरगाळलं की वास मात्र उग्र. देवाला वाहायच्या कामाचा नाही.

चूक माझीच. फूल येईना म्हणून मी दर पंधरवड्याला युरिया टाकत होतो, त्यानं नुसता पाला सुटला. वर आंब्याची सावली. आषाढात पावसाची झड लागली की आमच्या काळ्या मातीत पाणी तुंबायचं आणि खालची पानं पिवळी पडून गळायची.

फेब्रुवारीत धाडस केलं. फुलं नव्या फुटीच्या शेंड्याला येतात, म्हणून झाड निम्म्यावर छाटलं. (आई दोन दिवस बोलली नाही.) मुळांभोवतीच्या मातीसकट उचलून उन्हाच्या बाजूला वीतभर उंच वाफ्यात लावलं. काळी माती, वाळू, कुजलेलं शेणखत, तिन्ही सारखं. युरिया बंद.

श्रावणात पहिला झुपका आला: चार पाकळ्या फिकट निळ्या, एक गडद जांभळट, आणि फुलपाखराच्या मिशांसारखे वाकलेले लांब केसर. छाटलेल्या फांद्यांपैकी तीन पिशवीत रुजल्यात. एक शेजारच्या काकूंनी आधीच मागून ठेवलीय.