अफवेतला हलका लॅपटॉप: पैसे बाजूला काढण्याआधीचा हिशोब

बाजारात न आलेल्या लॅपटॉपचे तीन आकडे आधी फुटतात: चिप, वजन आणि किंमत. तिन्हींवर सारखाच भरवसा ठेवू नका. चिप आणि स्क्रीनची साइज बहुतेक वेळा खरी निघते, कारण सुटे भाग पुरवणाऱ्यांना ती फार आधी ठाऊक असते. वजनाचा आकडा सगळ्यात हलक्या मॉडेलचा असतो. टच स्क्रीन किंवा मोठी बॅटरी घेतली की तो वाढतोच. किंमत मात्र शेवटपर्यंत हलत राहते. भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीत मॉडेल नंबर दिसला तर माल इकडे यायची तयारी आहे एवढं कळतं. भाव आणि तारीख त्यातून कळत नाही.

किंमत डॉलरमध्ये आली असेल तर आजच्या दराने गुणून खूश होऊ नका. अमेरिकेत जाहीर होणारी किंमत विक्रीकर सोडून असते, तर आपल्या एमआरपीत 18 टक्के जीएसटी आधीच धरलेला असतो. सोपा ठोकताळा म्हणजे एका डॉलरला शंभर रुपये. ॲपलचा एम1 मॅकबुक एअर 2020 साली तिकडे 999 डॉलरला निघाला आणि इकडे 92,900 रुपयांना. 2022 चा एम2 तिकडे 1,199 डॉलर, इकडे 1,19,900 रुपये. 2025 चा एम4 पुन्हा 999 डॉलर, इकडे 99,900. तेव्हा 1,099 डॉलरची अफवा ऐकली की एक लाख दहा हजार धरून चालायचं.

तोही आकडा ‘पासून’वाला. सर्वात स्वस्त मॉडेलमध्ये मेमरी किंवा स्टोरेज कमी असतं, आणि पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर 16 जीबी रॅम आजच घ्या. एसएसडीचं, म्हणजे स्टोरेजचं, आधी विचारून घ्या: स्लॉट असेल तर 256 वर भागवून नंतर बदलता येते, नसेल तर 512 जीबी.

आता वजन. लॅपटॉप एकटा कधी प्रवास करत नाही, म्हणून अख्खी पिशवी किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा. 950 ग्रॅमचा लॅपटॉप, 300 ग्रॅम चार्जर आणि वायर, 90 ग्रॅम हब (जास्तीचे पोर्ट देणारा डबा), आणि बॅटरी लहान म्हणून सोबत 400 ग्रॅमची पॉवर बँक. झाले 1,740 ग्रॅम. याउलट 1,250 ग्रॅमचा, पुरेशा पोर्टांचा आणि मोठ्या बॅटरीचा लॅपटॉप त्याच 300 ग्रॅमच्या चार्जरसह 1,550 मध्ये आटोपतो. ॲपलने हा प्रयोग 2015 मध्ये करून पाहिला होता: 12 इंची मॅकबुक, 920 ग्रॅम, पंखा नाही आणि चार्जिंगसकट सगळ्या कामांना एकच टाइप-सी पोर्ट. 2019 मध्ये तो बंद झाला. त्याच्याहून जड असलेला एअर आजही विकला जातो.

बॅटरीचे ‘18 तास’ वाचू नका, वॉट-अवर वाचा, म्हणजे तिच्यात किती वीज मावते ते. टायपिंग आणि ब्राउझिंगला साधारण 6 वॉट लागतात, व्हिडिओ कॉलला 10 ते 12. म्हणजे 40 वॉट-अवरची बॅटरी टायपिंगला साडेसहा तास पुरेल, कॉलला फार तर चार. दोन-तीन उन्हाळे गेले की त्यातून 20 टक्के वजा करा. लाईन चार तास जाणाऱ्या गावात 50 वॉट-अवरच्या खाली उतरू नये. पॉवर बँक घ्यायचीच असेल तर टाइप-सीमधून किमान 45 वॉट पीडी (पॉवर डिलिव्हरी) आउटपुट देणारी घ्या. मोबाइलची 18-22 वॉटवाली लॅपटॉपला नुसती टेकू देते, कित्येकदा तेही नाही. आणि 20,000 एमएएच म्हणजे कागदावर 74 वॉट-अवर, हाती येतात 55-60.

विदर्भात खरी परीक्षा मे महिन्यात होते. बहुतेक कंपन्या वापरासाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान सांगतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागात सावलीतच पारा 45 च्या वर जातो, आणि टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. बिनपंख्याचा लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवायला चिपचा वेग उतरवतो. परीक्षणातले आकडे एसी खोलीतले असतात आणि अनेकदा पहिल्याच फेरीचे. म्हणून सिनेबेंच या चिपचा वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची अर्ध्या तासाची चाचणी शोधा आणि पहिला स्कोअर शेवटच्याशी ताडून बघा. एसीतच 25-30 टक्के घसरण दिसली, तर उन्हाळ्यात व्हिडिओ एडिटिंगचं नाव काढू नका. टायपिंग, फॉर्म आणि हिशोबाला मात्र तो चालेल. पंखा नसण्याचा एक फायदा आपल्याकडे मोठा आहे. जिनिंगच्या आसपास पंख्याच्या जाळीत रुईचे तंतू अडकून हवा बंद होते. इथे ती कटकटच नाही. थंड हवेच्या मोहात लॅपटॉप डेझर्ट कूलरच्या अगदी समोर ठेवू नका. उडणाऱ्या पाण्यातला क्षार पोर्टात जाऊन बसतो.

सेतू केंद्र, सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) किंवा अकाउंट्सचं काम असेल तर चिपचा वेग हा दुसरा प्रश्न, आधी ड्रायव्हर बघा, म्हणजे जोडलेलं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम (इंटेलहून वेगळ्या रचनेच्या) चिपवर विंडोज असेल तर साधी सॉफ्टवेअर नक्कल पद्धतीने चालून जातात, पण ड्रायव्हर खास एआरएमसाठी बनवलेलाच लागतो. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, जुना प्रिंटर, सगळं इथेच अडतं. टॅली मॅकवर थेट चालत नाही. लॅपटॉप कितीही हलका असो, ही यादी जुळली नाही तर विषय संपला.

विजेचं थोडक्यात. चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो, त्यामुळे कमी दाबाने काही बिघडत नाही. न्यूट्रल तुटला की मात्र घरात 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात. लाईन आल्यावर पाच मिनिटं थांबून मगच पिन लावा. मेटल बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराची अर्थिंग तपासा आणि तीन पिनची वायर वापरा.

मग थांबायचं का? निकालानंतर फॉर्म भरायची गर्दी तोंडावर असेल किंवा जुनं मशीन बसलंच असेल, तर थांबू नका. नवं आलं की मागच्या मॉडेलचा भाव उतरतो, आणि 1.2 ते 1.3 किलोचं ते मॉडेल गावाकडच्या वापराला बहुधा जास्त सोयीचं पडतं. थांबायची ऐपत असेल तर लाँचनंतर पहिले दोन महिने परीक्षणं वाचा, मग नागपूर-अमरावतीच्या दुकानात जाऊन चार्जर काढून दहा मिनिटं चालवून बघा. काही लॅपटॉप बॅटरीवर आले की मंदावतात, आणि दुकानात ते कायम प्लगलाच लावलेले असतात.

पैसे देण्याआधी आपला पिनकोड सांगून ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्तीची) वॉरंटी मिळते का, हे लेखी घ्या. पातळ लॅपटॉपची स्क्रीन फुटली तर बहुतेकदा अख्खं वरचं झाकणच बदलावं लागतं, आणि ‘कॅरी-इन’, म्हणजे आपणच नेऊन द्यायची वॉरंटी, असेल तर गडचिरोलीच्या टोकाच्या सिरोंच्याहून नागपूर. एकदा द्यायला आणि एकदा आणायला.